पत राखणारा कारकून : अलेक्झांडर हॅमिल्टन

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या देशाच्या स्वातंत्र्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रणांगणे, तह आणि जाहीरनामे उभे राहतात. अमेरिकेच्या बाबतीतही तसेच झाले आहे. वॉशिंग्टनचे सेनापतिपद आणि जेफरसनने लिहिलेला जाहीरनामा सर्वांना ठाऊक असतो. परंतु वर्गात अमेरिकन राज्यक्रांतीचे प्रकरण वाचत असताना माझ्या मनात एक साधा प्रश्न सारखा घोळत राहिला. आठ वर्षे चाललेल्या या युद्धाचे पैसे कोणी दिले? आणि ज्यांनी दिले, त्यांना ते परत मिळाले काय? या प्रश्नाचा माग काढत गेले तेव्हा मला अलेक्झांडर हॅमिल्टन भेटला. तो सेनापती नव्हता, राष्ट्राध्यक्षही कधी झाला नाही. तरीही अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर आज त्याचे चित्र आहे, आणि ते तेथे असावे हे मला अगदी योग्य वाटते. कारण कागदाच्या तुकड्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, हे त्या देशाला त्याने शिकवले.

हॅमिल्टनचा जन्म वेस्ट इंडीजमधील नेव्हिस या चिमुकल्या बेटावर ११ जानेवारी रोजी झाला. साल १७५५ की १७५७, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. आईवडिलांचा विवाह कायद्याने मान्य झालेला नव्हता, त्यामुळे जन्मापासूनच समाजाची बोटे त्याच्याकडे रोखलेली. वडील जेम्स हॅमिल्टन स्कॉटलंडचे. व्यापारात अपयशी ठरलेले. ते कुटुंब सोडून निघून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. आई रेचल हिने सेंट क्रॉय बेटावर लहानसे दुकान चालवून दोन मुलांना वाढवले. १७६८ च्या फेब्रुवारीत ती तापाने वारली. तिच्या मागे जे काही किडूकमिडूक राहिले, तेही न्यायालयाने तिच्या पहिल्या विवाहाच्या मुलाला दिले. हे दोघे भाऊ अनौरस, म्हणून त्यांना काहीच नाही. पुढे ज्या नातेवाइकाकडे त्यांना सोपवले, त्यानेही वर्षभराने आत्महत्या केली. इतक्या कोवळ्या वयात घर, नाव आणि आधार असे तिन्ही गमावलेला मुलगा पुढे काय होणार, असे कोणी विचारले असते तर फार तर हमाल किंवा खलाशी, असेच उत्तर मिळाले असते.

तो झाला कारकून. सेंट क्रॉयमधील एका व्यापारी पेढीत त्याला नोकरी मिळाली. साखर, पीठ, लाकूड, खेचरे अशा मालाची जहाजे येत-जात. निरनिराळ्या देशांची नाणी, निरनिराळे दर, उधारी, हुंड्या, नुकसान यांचा हिशेब या पोराच्या हाती असे. १७७१ मध्ये पेढीचे मालक निकोलस क्रूगर आजारपणामुळे काही महिने न्यूयॉर्कला गेले, तेव्हा सारा कारभार त्याने एकट्याने सांभाळला. वयाने मोठ्या कप्तानांना हुकूम सोडले, थकलेल्या बाकीसाठी तगादे लावले. याच पेढीच्या व्यवहारात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची खरेदी-विक्रीही होती, हेही सांगितले पाहिजे. माणसांचाही भाव वहीत लिहिला जातो, हे त्याने त्या वयात पाहिले. पुढे १७८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामांच्या मुक्ततेसाठी संस्था निघाली, तिच्या आरंभीच्या सभासदांत तो होता. मात्र ज्या घरची मुलगी त्याने केली, त्या घरी गुलाम होते, आणि गुलामगिरीचा प्रश्न त्याने आपल्या राजकारणाच्या मध्यभागी कधी आणला नाही.

३१ ऑगस्ट १७७२ रोजी सेंट क्रॉयवर भयंकर वादळ झाले. त्या वादळाचे वर्णन हॅमिल्टनने दूर गेलेल्या वडिलांना पत्रातून लिहिले. ह्यू नॉक्स नावाच्या धर्मोपदेशकाचे त्याच्यावर लक्ष होते. त्यांच्यामुळे ते पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आले. कारकुनी करणाऱ्या पोराची ही भाषा पाहून बेटावरचे प्रतिष्ठित लोक थक्क झाले आणि त्यांनी वर्गणी काढून त्याला शिक्षणासाठी मुख्य भूमीवर पाठवले. न्यू जर्सीत पूर्वतयारी करून तो न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. याच कॉलेजचे पुढे कोलंबिया विद्यापीठ झाले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकायला गेले, ते हेच विद्यापीठ. दुसऱ्यांनी पुढे केलेल्या पैशावर शिकलेल्या माणसांची किती मोठी परंपरा एका संस्थेच्या पायरीवर एकत्र येते, हे लक्षात आले तेव्हा मला फार बरे वाटले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचे पैसेही तीन घरांतून गोळा झाले होते.

हॅमिल्टनचे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. इंग्लंडविरुद्ध वातावरण तापले होते. विद्यार्थिदशेतच त्याने वसाहतींच्या बाजूने पत्रके लिहिली, आणि १७७६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या तोफखान्यातील एका तुकडीचा कप्तान झाला. १ मार्च १७७७ रोजी सेनापती वॉशिंग्टनने त्याला आपला साहाय्यक नेमले. पुढची चार वर्षे तो वॉशिंग्टनचा उजवा हात होता. काँग्रेसला आणि राज्यांना जाणारी असंख्य पत्रे त्याच्या लेखणीतून उतरली. त्या पत्रांतला विषय बहुधा एकच असे : सैन्याला बूट नाहीत, धान्य नाही, पगार नाही.

पगार का नव्हता? काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे मागायचे आणि राज्यांनी जमेल तसे द्यायचे. मग काँग्रेसने कागदी चलन छापले. वीस कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या नोटा निघाल्या आणि १७८१ पर्यंत त्यांची किंमत जवळजवळ शून्य झाली. सैनिकांना आणि धान्य पुरवणाऱ्या शेतकऱ्यांना पैशाऐवजी सरकारी रोखे, म्हणजे पुढे केव्हातरी पैसे देऊ अशा चिठ्ठ्या मिळू लागल्या. तोफखान्यात असताना हॅमिल्टनने आपल्या तुकडीच्या पगाराच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर एका व्यापारकोशातून टिपणे काढली होती. कोणता देश काय विकतो, कोणाकडे किती सोने आहे, बँका कशा चालतात, याची ती टिपणे. आजूबाजूला युद्ध चालू असताना एक तरुण अधिकारी पगाराच्या वहीत अर्थशास्त्र उतरवून घेतो आहे, हे चित्र मला कोणत्याही लढाईच्या चित्राहून अधिक मोलाचे वाटते.

१७८० च्या डिसेंबरात त्याचा एलिझाबेथ स्कायलरशी विवाह झाला. १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनच्या वेढ्यात त्याने ब्रिटिशांच्या एका मोर्चावर रात्रीचा हल्ला चढवून तो जिंकला. युद्ध संपले. तो वकील झाला. परंतु देशाची घडी बसेना. राज्ये एकमेकांच्या मालावर जकाती बसवीत होती. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात कर आणि कर्ज यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी, ज्यांत पुष्कळसे जुने सैनिक होते, डॅनियल शेज याच्या पुढारीपणाखाली बंड केले. मध्यवर्ती सरकार बळकट नसेल तर हे स्वातंत्र्य टिकणार नाही, असे हॅमिल्टनचे ठाम मत झाले. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना तयार झाली. न्यूयॉर्कतर्फे तिच्यावर सही करणारा तो एकटाच. ती लोकांनी स्वीकारावी म्हणून त्याने मॅडिसन व जे यांना बरोबर घेऊन ८५ लेख लिहिले. त्यांतले ५१ त्याचे स्वतःचे. न्यूयॉर्कने ३० विरुद्ध २७ अशा निसटत्या मतांनी घटना मान्य केली.

११ सप्टेंबर १७८९ रोजी वॉशिंग्टनने त्याला नव्या प्रजासत्ताकाचा पहिला अर्थमंत्री नेमले. वय जेमतेम बत्तीस-चौतीस. तिजोरी रिकामी. मध्यवर्ती सरकारच्या डोक्यावर सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज. त्यातले सव्वाअकरा-पावणेबारा कोटींच्या घरातले नव्हे, तर सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर परदेशचे, बाकीचे आपल्याच लोकांचे. राज्यांचे कर्ज आणखी सुमारे अडीच कोटी.

१७९० च्या जानेवारीत त्याने काँग्रेसपुढे आपला अहवाल ठेवला. त्यातला विचार थोडक्यात असा. कर्ज बुडवणारा देश पुढच्या संकटात कोणाच्या दारात उभा राहणार? म्हणून जुने सर्व रोखे सरकारने पूर्ण दर्शनी किमतीला मान्य करावेत आणि त्यांच्या बदल्यात नवे रोखे द्यावेत. मुद्दल एकदम फेडण्याची गरज नाही. व्याज ठरल्या दिवशी मिळते आहे आणि त्यासाठी जकातीचे उत्पन्न बांधून दिलेले आहे, एवढे लोकांना दिसले की पुरे. मग तो रोखा बाजारात नाण्यासारखा चालेल. व्यापारी त्यावर उधार देईल, कारखानदार भांडवल उभे करील. ज्या कर्जाने देश बुडत होता, तेच त्याचे भांडवल होईल. राज्यांचे कर्जही मध्यवर्ती सरकारनेच उचलावे, म्हणजे सगळ्या घेणेकऱ्यांचे हित या नव्या सरकारच्या टिकण्यात गुंतेल.

कागदावर हे सारे सुबक दिसते. प्रश्न होता तो हा की १७९० मध्ये हे रोखे होते कोणाच्या हातात? सैनिकांच्या हातात फारसे उरलेच नव्हते. युद्धावरून परतलेल्या माणसाला बियाणे हवे होते, बैल हवे होते. सरकारची चिठ्ठी पोट भरत नव्हती. तेव्हा डॉलरमागे वीस सेंट, कधी त्याहूनही कमी घेऊन त्याने ती विकून टाकली होती. अहवालाची कुणकुण लागताच शहरातल्या धनिकांनी उरलेसुरले रोखे विकत घेण्यासाठी दूरच्या खेड्यांत माणसे धाडली. आता सरकार पूर्ण किंमत देणार, ती या नव्या धन्यांना. जेम्स मॅडिसनने सभागृहात सूचना मांडली, की विकत घेणाऱ्याला बाजारातील सर्वांत चढा भाव द्यावा आणि उरलेली रक्कम मूळ सैनिकाला द्यावी. हॅमिल्टनचे म्हणणे असे, की एकदा विकलेला रोखा परत फिरवला तर सरकारी कागद विकत घ्यायला पुढे कोणी धजणार नाही, आणि कोणी किती घेतले-विकले याचा छडा लावता लावता वर्षे जातील. मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली.

येथे मी बराच वेळ अडकले. आमच्या घरी तूर होते. वडील ती खळ्यावरूनच विकतात. दोन-तीन महिने घरात ठेवली तर भाव चढतो, हे त्यांना कळत नाही असे नाही. पण मार्चअखेर सोसायटीचा हप्ता भरायचा असतो. तूर घेणारा थांबू शकतो, वडील थांबू शकत नाहीत. गरजवंताला अक्कल नसते अशी म्हण आहे. मला ती खोटी वाटते. गरजवंताला अक्कल असते, वेळ नसतो. अमेरिकेच्या सैनिकाचेही हेच झाले. हॅमिल्टनच्या योजनेचे सारे मर्म मला या एका गोष्टीत सापडते : पत म्हणजे थांबण्याची ताकद. ज्याची पत आहे तो आजचे देणे उद्यावर नेऊ शकतो आणि पडत्या भावात काही विकावे लागत नाही. हॅमिल्टनने ही ताकद आपल्या राष्ट्राला मिळवून दिली. ज्या सैनिकाने त्या राष्ट्रासाठी रक्त सांडले, त्याला मात्र ती कोणी दिली नाही.

राज्यांचे कर्ज उचलण्याची सूचना आधी ३१ विरुद्ध २९ अशी फेटाळली गेली होती. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपले बरेच कर्ज फेडले होते; दुसऱ्यांचे ओझे त्यांनी का वाहावे? जूनमध्ये जेफरसनच्या घरी भोजनप्रसंगी हॅमिल्टन आणि मॅडिसन एकत्र आले आणि तडजोड झाली. दक्षिणेने कर्जाची योजना संमत होऊ द्यावी, त्याबदल्यात राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियात राहून नंतर पोटोमॅक नदीच्या काठी जावी. आजचे वॉशिंग्टन शहर तेथे वसले आहे, त्यामागे ही तडजोड आहे.

पुढच्याच वर्षी बँक आली. तिचे भांडवल १ कोटी डॉलर. पाचवा हिस्सा सरकारचा, उरलेला खाजगी भागधारकांचा. भागाची किंमत एक चतुर्थांश सोन्या-चांदीत आणि तीन चतुर्थांश सरकारी रोख्यांत भरायची, म्हणजे आपोआप रोख्यांनाही मागणी! घटनेत बँकेचा शब्दही नाही, तेव्हा हा अधिकार सरकारला कोणी दिला, असे जेफरसनने विचारले. जे कार्य घटनेने सोपवले आहे त्याची योग्य साधनेही तिने दिलेलीच आहेत, असे उत्तर हॅमिल्टनने दिले आणि वॉशिंग्टनने विधेयकावर सही केली. या वादातूनच पुढे अमेरिकेत दोन पक्ष उभे राहिले. १७९१ च्या डिसेंबरात त्याने कारखानदारीवरचा अहवाल मांडला. केवळ शेतीवर देश स्वावलंबी होत नाही, नव्या उद्योगांना आरंभी सरकारचा आधार लागतो, असे त्याचे प्रतिपादन होते. काँग्रेसने तो अहवाल बाजूला ठेवला, पण विचार मेला नाही. पुढे अमेरिकेत काही वर्षे राहिलेला जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट याने तशाच विचाराची मांडणी केली, आणि लिस्टच्या विचारांचा परामर्श न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील आपल्या व्याख्यानात घेतला. परक्या मालाने बुडालेल्या आपल्या कारागिरांचा विचार करताना रानड्यांना त्या विचारसरणीचा उपयोग झाला.

कर्जाचे व्याज द्यायचे तर उत्पन्न हवे. म्हणून १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्याला डोंगर ओलांडून धान्य बाजारात नेणे परवडत नसे. त्याची दारू गाळून घोड्यावर लादली तर परवडे. रोकड दुर्मिळ असल्याने देवघेवीतही तीच चाले. त्यावर रोख कर, आणि तोही मोठ्या भट्टीवाल्याला हलका पडणारा! १७९४ मध्ये तेथे बंड उसळले. वॉशिंग्टनने सुमारे १३ हजारांचे सैन्य धाडले, हॅमिल्टन स्वतः बरोबर गेला. सैन्य पाहताच बंड विरले. दोघांना देहान्ताची शिक्षा झाली, पण वॉशिंग्टनने ती माफ केली. रोख्याचे व्याज शहरातल्या धनिकाला आणि कर डोंगरातल्या शेतकऱ्याला, हे त्या माणसांना पुस्तक न वाचता कळले होते.

हॅमिल्टन स्वतः मात्र या व्यवहारात श्रीमंत झाला नाही. त्याच्या खात्यात काही काळ काम केलेला विल्यम ड्यूअर सट्ट्यात बुडून १७९२ मध्ये कर्जदारांच्या तुरुंगात गेला. बाजार कोसळला, तेव्हा हॅमिल्टनने सरकारी पैशाने रोखे विकत घेऊन घसरण आवरली. त्याच्यावर अफरातफरीचा संशय घेतला गेला, तेव्हा १७९७ मध्ये त्याने एक विलक्षण गोष्ट केली. ज्या पैशांबद्दल संशय होता ते आपण एका परस्त्रीशी असलेले संबंध लपवण्यासाठी दिले होते, असे त्याने स्वतःच छापून जाहीर केले. खजिन्याची अब्रू राखण्यासाठी त्याने घरची अब्रू चव्हाट्यावर आणली. त्याची किंमत एलिझाबेथने मोजली.

१७९५ मध्येच त्याने मंत्रिपद सोडले होते. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि आरन बर यांना सारखी ७३ मते पडली. निकाल प्रतिनिधिगृहात ३६ व्या फेरीत लागला. जेफरसन हॅमिल्टनचा कट्टर विरोधक. तरीही त्याला तत्त्वे आहेत, बरला नाहीत, असे म्हणून हॅमिल्टनने जेफरसनचीच बाजू घेतली. १८०१ मध्ये त्याचा थोरला मुलगा फिलिप द्वंद्वयुद्धात मारला गेला. तीन वर्षांनी, ११ जुलै १८०४ रोजी, न्यू जर्सीच्या वीहॉकेन येथे बरच्या गोळीने तो स्वतः कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. नेम धरून पहिली गोळी झाडणार नाही, असे त्याने आधीच लिहून ठेवले होते. देशाच्या कर्जाची व्यवस्था लावणारा हा माणूस स्वतःच्या घरावर कर्ज ठेवून गेला. मित्रांनी पुन्हा एकदा वर्गणी काढली, या वेळी त्याच्या मुलाबाळांसाठी.

एलिझाबेथ नंतर पन्नास वर्षे जगली. १८०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनाथ मुलांसाठी आश्रम काढणाऱ्या स्त्रियांत ती होती. हॅमिल्टनने काँग्रेसमध्ये असताना सैनिकी निवृत्तिवेतनावरचा आपला हक्क सोडून दिला होता, कारण सहकारी अधिकाऱ्यांसाठी बोलताना आपला स्वार्थ मध्ये येऊ नये. ते पैसे काँग्रेसने १८१६ मध्ये त्याच्या विधवेला दिले.

त्याच्या कामाची खरी पावती मात्र विरोधकाकडूनच मिळाली. १८०३ मध्ये जेफरसनने फ्रान्सकडून लुईझियाना हा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. त्यातले सव्वा कोटीच्या जवळपास, नेमके सांगायचे तर १ कोटी साडेबारा लाख डॉलर, अमेरिकेने सहा टक्के व्याजाच्या रोख्यांनी दिले, आणि लंडन व ॲमस्टरडॅमच्या पेढ्यांनी ते रोखे उचलले. चौदा वर्षांपूर्वी ज्या देशाचा कागद कोणी घेत नव्हते, त्याच्या कागदावर आता राज्ये विकत मिळत होती. कर्जाला शत्रू मानणाऱ्या जेफरसनला ते हॅमिल्टनने राखलेल्या शब्दामुळे साधले.

म्हणून हॅमिल्टनला मी मोठा मानते. परंतु त्याच्या चरित्राने माझ्यापुढे एक हिशेब अपुरा ठेवला आहे. राष्ट्राने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, हे त्याने सिद्ध केले. तो शब्द ज्याला दिला त्याच्याच हाती तो पोचावा यासाठी काय करावे, हे त्याला सुचले नाही किंवा सुचूनही परवडले नाही. सैनिकाला १७८३ मध्ये दोन वर्षे तग धरण्यापुरते स्वस्त कर्ज कोठे मिळाले असते, तर रोखा त्याच्याच पेटीत राहिला असता. आपल्याकडे गावोगाव सहकारी सोसायट्या निघाल्या त्या याच गरजेपोटी. त्या कोठे तारतात, कोठे हप्त्याच्या तारखेने पुन्हा खळ्यावरच विकायला लावतात. बी. ए. ला अर्थशास्त्र घेताना तू यातून काय कमावणार, असे मला पुष्कळांनी विचारले. वहीतले आकडे वाचता येणाऱ्या अनाथ पोराने एक देश सावरला. तसे आकडे आमच्या घरात आता मला वाचता येतात, आणि खळ्यावरच्या माणसाला दोन महिने थांबता यावे एवढी पत कशी उभी करायची, हे मला शिकायचे आहे.